सत्तावीस नंबरचे थेंब

पोलीस ठाणे. जबाब घेण्यास सुरुवात सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी.

नाव: कागदोपत्री नाव ओळखपत्रावरून घेतलेले आहे. ते फारसे कोणाला ठाऊक नाही, सगळे मला हॅलोताई म्हणतात. वय: एकाहत्तर वर्षे. धंदा: टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त, गेली बावीस वर्षे महिला मंडळाची चिटणीस. राहणार: मंडळाच्या वास्तूमागची गल्ली, दुसरा मजला, मुलगा, सून आणि नात यांच्यासह.

समक्ष हजर राहून, कोणी न पढवता, माझ्या माहितीप्रमाणे सांगते की,

जबाब लिहून घेणाऱ्या हवालदारांनी मला आतापर्यंत दोनदा 'सावकाश सांगा' असे म्हटले आहे. मला आज सावकाश सांगता येणार नाही. चौऱ्याण्णव वर्षांची वास्तू आज सकाळी अकरा वाजता पाडायची होती आणि या घटकेला ती जागच्या जागी उभी आहे. आज ज्याला सावकाश बोलता येईल तो आमच्या मंडळाचा नव्हे.

कंत्राटदाराची तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. आम्ही बायकांनी संगनमत करून बांधकाम खात्याच्या साहेबांच्या डोळ्यांत औषध घातले, त्यामुळे त्यांना वाचता येईना आणि पाडकामाच्या कागदावर सही करता आली नाही, असे त्यात म्हटले आहे. साहेबांच्या डोळ्यांत औषध घातले गेले हे खरे आहे. त्यांना वाचता येत नव्हते हेही खरे आहे. 'संगनमत' हा शब्द खोटा आहे, तो का खोटा ते पुढे येईल.

आमचे मंडळ अकरा बायकांनी सुरू केले. त्यांतल्या आठ जणींना घरून परवानगी नव्हती, दोघींना होती आणि एकीने विचारलेच नाही. जिने विचारले नाही ती पहिली अध्यक्ष झाली. वास्तू एकमजली आहे. समोर व्हरांडा, आत मोठे दालन, डावीकडे वाचनालय, उजवीकडे शिवणाची खोली. आजारी माणसासाठी चाकाची खुर्ची, कुबड्या, पाठीला टेकायची फळी हवी असेल तर गल्लीतले लोक दवाखान्याआधी आमच्याकडे येतात. वस्तू न्यायची, काम झाले की पुसून आणून द्यायची. कोणी कशाला हवी म्हणून विचारत नाही.

गल्लीतली बहुतेक घरे दिवसा बंद असतात, माणसे कामावर जातात. म्हणून पोस्टमन सगळ्यांचे टपाल मंडळात देतो. दारातून आत शिरले की भिंतीला साठ खणांचे लाकडी कपाट आहे, त्यात ज्याचे पाकीट त्याच्या खणात. नियम दोनच. आल्या दिवसाची तारीख पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने घालायची, आणि दुसऱ्याचे पाकीट फोडायचे नाही. नवरा-बायकोचे खण वेगळे आहेत. त्यामुळे घरोघरी बरीच वादळे टळली आहेत.

सर्वांत वरचा डावीकडचा खण पहिल्या अध्यक्षबाईंचा. त्यांना जाऊन एकेचाळीस वर्षे झाली. तो खण आम्ही कोणाला दिला नाही, कोणाचा हात धजला नाही. वर्षाकाठी एखादे जाहिरातीचे पाकीट त्यांच्या नावाने अजून येते, ते मी तारीख घालून त्यांच्या खणात ठेवते. मागच्या महिन्यात त्यांच्या नावाने एक लांब खाकी पाकीट आले. मी सही करून घेतले, पाठीवर तारीख घातली आणि त्यांच्या खणात सरकवले. वर सरकारी शिक्का होता हे मी पाहिले होते. पण पाकीट त्यांचे होते. ते मी कसे फोडणार? हे मी आज दिवसभरात चौदा जणींना सांगितले आणि चौदाही जणी 'खरंच, कसं फोडणार' म्हणाल्या. माझी सून मात्र म्हणाली, "आई, ही चूक जगात फक्त तुम्हीच करू शकता." तिचेही खरे आहे.

आता आजचे.

आज मंडळात डोळ्यांचे शिबिर होते. दर महिन्याला असते. तपासणी डॉक्टरीणबाई करतात, त्यांच्या हाताखाली आमच्या सभासद नर्सबाई थेंब घालतात. नर्सबाई निवृत्त आहेत पण हात अजून कामावरच आहे, समोर कोणी मान वर केली की त्यांचा हात बाटलीकडे जातो. माझे काम व्हरांड्यातल्या लांबलचक बाकापाशी. बाकावर बसलेल्या प्रत्येकाला नंबराची चिठ्ठी द्यायची, नाव लिहायचे, आणि एक वाक्य सांगायचे: "थेंब घातल्यावर चार-पाच तास जवळचं वाचता येत नाही, काही वाचायचं-सही करायचं असेल तर आधी उरकून घ्या." एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षे काढल्यामुळे ही असली वाक्ये माझ्या तोंडून आपोआप पडतात. झोपेतही म्हणत असेन.

सकाळी नऊ पन्नासला एक गृहस्थ आले. वय पन्नाशीच्या आसपास, हातात फाईल, शर्टाच्या खिशाला दोन पेने. व्हरांड्यात उभे राहून छताकडे पाहिले, दाराच्या चौकटीवर बोट फिरवले आणि बाकावर जागा होती तिथे बसले. मी नाव विचारले, त्यांनी सांगितले. मी सत्तावीस नंबरची चिठ्ठी दिली, त्यांनी ती खिशाला नीट टोचून घेतली. आत जायला चिठ्ठी लागते असे त्यांना वाटले. कार्यालयातला माणूस, चिठ्ठी दिली की घेतो. डॉक्टरीणबाईंनी बॅटरीने डोळे पाहिले आणि विचारले, "कागद लांब धरावा लागतो का?" ते म्हणाले, "लागतो. चष्म्याचा नंबर बघायचा राहूनच जातो." मग म्हणाले, "तपासा. मला अकरापर्यंत वेळ आहे." हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. त्यांना कोणी धरून बसवले नव्हते.

माझे वाक्य मी त्यांना सांगायला तोंड उघडले, एवढ्यात वाचनालयातला फोन वाजला. मी फोन वाजताना बसून राहू शकत नाही. हा माझ्या नोकरीचा दोष आहे, घरीही सगळे यावरून माझी थट्टा करतात. मी आत गेले. कोणाला तरी चाकाची खुर्ची हवी होती. मी बाहेर येईपर्यंत सत्तावीस नंबरच्या दोन्ही डोळ्यांत पहिले थेंब पडले होते आणि ते डोळे मिटून, मान मागे टाकून बसले होते. मी सांगितलेच असणार असे नर्सबाईंना वाटले. त्यांचा यात काडीचाही दोष नाही, हे ठळक लिहावे. वेळ दहा वाजून पाच मिनिटे.

दहा वाजून पंधरा मिनिटांनी फाटकासमोर पिवळे मशीन येऊन उभे राहिले. त्याच्या आवाजाने वाचनालयाच्या काचा थरथरल्या. मागून गाडीतून कंत्राटदार उतरले आणि तडक व्हरांड्यात आले.

"बाई, सगळ्यांना बाहेर काढा. पाडकाम आहे."

मी म्हटले, "कुठे?"

"इथे."

मला आधी वाटले, पत्ता चुकला असेल. चुकलेले पत्ते आमच्याकडे रोज येतात. मी त्यांना बाकावर बसा, पाणी घ्या असेही म्हटले. त्यांनी माझ्यापुढे कागद धरला. मंडळाची वास्तू धोकादायक ठरली आहे, मालकीणबाईंना तीस दिवसांची नोटीस दिली होती, हरकत आली नाही, म्हणून पाडावी, असा हुकूम. मालकीणबाई म्हणून खाली पहिल्या अध्यक्षबाईंचे नाव. जमिनीच्या कागदावर अजून त्याच आहेत.

मी कपाटाकडे गेले, हात वर करून खणातले खाकी पाकीट काढले, आणि एकेचाळीस वर्षांत प्रथमच बाईंचे पाकीट फोडले. फोडताना मी 'माफ करा बाई' म्हटले, ते चार जणींनी ऐकले. आत नोटीस होती. वास्तू वापरात नाही, छताच्या सगळ्या तुळया कुजल्या आहेत, अमुक दिवसांत हरकत घ्या. मला ओरडावेसे वाटले. वापरात नाही? बाकावर बावीस माणसे बसली होती!

मी माझ्या नणंदेला फोन केला. नणंद म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण, ती वकील आहे. आमचे दोघींचे सख्य आहे असे म्हणता येणार नाही. तिचे मत असे की मी फार बोलते, आणि माझे मत असे की ती बोलायचे पैसे घेते. पण तिने सगळे ऐकून एकच विचारले, "वहिनी, पाकिटाच्या पाठीवर तारीख कोणती आहे?" मी वाचून दाखवली. ती म्हणाली, "मुदत पाकीट हातात पडल्या दिवसापासून. म्हणजे आज तिसावा दिवस. कार्यालय पाचला बंद होतं. मी अर्ज घेऊन पळते. तुम्ही एवढंच करा, तोवर एक वीट हलू देऊ नका." आणि फोन ठेवला. पेन्सिलीची तारीख कामाला आली!

मी बाहेर आले. कंत्राटदार इकडेतिकडे पाहत होते. "साहेब कुठे गेले? पाहणीचा कागद वाचून साहेबांनी सही केली की मशीन चालू. दहा मिनिटांचं काम आहे." मग त्यांनी बाकाकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. "साहेब! तुम्ही इथे काय करताय?"

सत्तावीस नंबर डोळे मिटूनच म्हणाले, "डोळे तपासतोय. अकराला अवकाश आहे."

दुसरे थेंब दहा पंचवीसला पडले. त्याविषयी मी शेवटी सांगणार आहे, आत्ता पुढचे लिहून घ्यावे.

अकराला कंत्राटदाराने कागद साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो नेहमीच्या अंतरावर धरला, मग हात लांब केला, मग आणखी लांब केला. हात संपला. "दिसत नाही," ते म्हणाले. कंत्राटदाराने कागद घेऊन एक पाऊल मागे जाऊन धरला. "आता?" "नाही." दोन पावले. "आता?" कंत्राटदार व्हरांड्याच्या कडेपर्यंत मागे गेले आणि एक पाय खाली गेला तेव्हा बाकावरच्या मंडळींना हसू आवरले नाही. मीही हसले, हे कबूल करते. डॉक्टरीणबाई तेवढ्यात बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाहुल्या मोठ्या झाल्या आहेत. तीन-साडेतीनपर्यंत बारीक अक्षर लागणार नाही. काळजीचं काही नाही."

कंत्राटदार म्हणाले, "साहेब, मी वाचून दाखवतो, तुम्ही सही करा."

साहेब म्हणाले, "मी वाचल्याशिवाय सही करत नाही."

"अहो, मी वाचतो ना!"

"तुम्ही वाचाल. मी नाही वाचणार."

आमच्या अध्यक्षबाई, वय चौऱ्याऐंशी, निवृत्त मुख्याध्यापिका, पुढे झाल्या. "मी वाचू का? माझा आवाज स्वच्छ आहे." साहेबांनी त्यांनाही हात जोडून नाही म्हटले. "बाई, तुमचाही नको. अठरा वर्षांत न वाचता एकही सही केली नाही. आज कशाला करू?" मला त्या क्षणी या माणसाचा इतका आदर वाटला की काय सांगू, आणि मी चिठ्ठ्या उगाच पुन्हा मोजायला घेतल्या.

कंत्राटदार फोनवर फोन करत होते. मशीनवाल्याने मशीन बंद केले, खाली उतरला आणि कुणाला कळायच्या आत एकेचाळीस नंबरची चिठ्ठी घेऊन बाकावर बसला. त्याला फक्त अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. त्याची नजर उत्तम आहे.

साधारण साडेअकराला साहेब उठले आणि म्हणाले, "वाचता येत नसलं तरी पाहणी मला करायचीच आहे. तुळया कुठे आहेत?" इथे आमच्या मंडळाची एक रीत सांगणे भाग आहे, हवालदारांनी कंटाळू नये. दर वर्षी पहिल्या सोमवारी आम्ही दालनातल्या एकतीसही तुळया ठोकतो. लांब काठीच्या टोकाला लाकडी ठोकळा बसवलेला आहे, खालून एकेका तुळईवर तीन ठोके मारायचे आणि आवाज कसा आला ते वहीत लिहायचे. चांगल्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो, आतून खाल्लेल्याचा बद्द. पहिल्या अध्यक्षबाईंच्या वडिलांचा लाकडाचा धंदा होता, त्यांनी ही रीत घातली. चौऱ्याण्णव वर्षांच्या नोंदी आहेत. आम्ही तिला ठोकवही म्हणतो. सभासद होणाऱ्या प्रत्येकीला आधी ठोकायला शिकवतात, मग वर्गणीचे विचारतात.

अध्यक्षबाईंनी वही उघडली. साहेब दालनाच्या मधोमध उभे राहिले. उजेडाने डोळ्यांना त्रास होत होता म्हणून त्यांनी डोळे मिटले. शिवणाच्या खोलीतल्या बायका यंत्रे थांबवून दारात आल्या, बाकावरचे लोक खिडक्यांत आले. मी काठी घेतली. पहिल्या तुळईवर तीन ठोके मारले. दालनभर असा आवाज घुमला की बाहेर मशीनवाला जागा झाला. अध्यक्षबाईंनी वाचले, "एक, खणखणीत." साहेब म्हणाले, "बरोबर. पुढे." दोन, खणखणीत. तीन, खणखणीत. माझे खांदे भरून आले पण मी काठी कोणाला दिली नाही. नववी त्यांनी पुन्हा ठोकायला लावली, मी पुन्हा ठोकली, ते मान हलवून म्हणाले, "चांगली आहे, गाठ आहे फक्त." गाठ आहे! वहीत साठ वर्षांपूर्वी कोणीतरी नवव्या तुळईपुढे 'गाठ' असे लिहिले आहे. अध्यक्षबाईंनी ते वाचले तेव्हा खिडकीतून कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळेच वाजवू लागले. शाळेतही मला कधी टाळ्या मिळाल्या नव्हत्या.

एकोणिसावी बद्द आली. येणारच होती. कंत्राटदार म्हणाले, "बघा!" अध्यक्षबाईंनी आवाज न बदलता वाचले, "एकोणीस. बद्द. अकरा वर्षे बद्द. खाली खांब दिला आहे." साहेब हात पुढे करून चालत गेले, खांब चाचपला, त्यावर अंग टाकून पाहिले. मग विचारले, "किती जणींनी बसवला?" मी म्हटले, "सात." ते म्हणाले, "सरळ बसवलाय." एकतिसाव्या तुळईपर्यंत दीड वाजला. एक बद्द, तीस खणखणीत.

त्यानंतरचे दोन तास कसे गेले ते मला विचारू नये. मी फाटकापर्यंत जात होते आणि परत येत होते. नणंदेचा फोन लागत नव्हता. तीन वाजता साहेबांना भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे नीट दिसू लागले. सव्वातीनला पाटीवरची अक्षरे लागली. साडेतीनला कंत्राटदाराने पाहणीचा कागद आणि पेन त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "आता दिसतंय ना?" साहेब म्हणाले, "दिसू लागलंय." त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून, ओळीखाली बोट धरून. ओळ संपली की थांबायचे, डोळे पुसायचे, पुन्हा तीच ओळ. एका पानाचा कागद होता. अर्ध्या तासात ते तिसऱ्या परिच्छेदापर्यंत आले होते.

चार वाजून पाच मिनिटांनी माझी नणंद स्कूटरवरून फाटकातून थेट व्हरांड्याच्या पायरीपर्यंत आली. डोक्यावरचे हेल्मेटसुद्धा काढले नाही. तिच्या हातात स्थगितीचा कागद होता. पंधरा दिवसांनी सुनावणी, तोवर वास्तूला हात लावायचा नाही. मी तिला मिठी मारली. ती म्हणाली, "वहिनी, हेल्मेट लागतंय." ते मला लागले आहे, कपाळावर उठलेले टेंगूळ त्याचे आहे, झटापटीचे नव्हे. साहेबांनी स्थगितीचा कागद घेतला, तो मात्र दोन मिनिटांत वाचून संपवला आणि मशीनवाल्याला म्हणाले, "जा."

बायका नाचल्या, मीसुद्धा नाचले. अध्यक्षबाई खुर्चीत बसून काठीने ताल देत होत्या. त्यानंतर कंत्राटदार इथे ठाण्यावर आले आणि त्यांनी तक्रार दिली.

आता दुसऱ्या थेंबांचे. इथे येताना स्कूटरवर माझ्या नणंदेने मला बजावले आहे की, 'ते कोण आहेत हे मला माहीत नव्हतं' एवढेच म्हणायचे, एक अक्षर जास्त नाही. कारण मी जाणूनबुजून काही केले असे निघाले तर कंत्राटदार सुनावणीत म्हणणार की स्थगितीला वेळ फसवून मिळवला, आणि मग वास्तूचे काय होईल ते ती सांगू शकत नाही. तिचे म्हणणे मला पूर्ण समजले. माझ्याइतकी ती वास्तू कोणाला हवी असेल असे मला वाटत नाही. माझे लग्न ठरत नव्हते तेव्हा मी तिथल्या वाचनालयातल्या टेबलाशी बसून एक्स्चेंजच्या परीक्षेचा अभ्यास केला, घरी जागा नव्हती आणि कोणाला मी पास व्हावी असे वाटतही नव्हते. पहिला पगार झाला तो त्या टेबलामुळे. यजमान गेले त्यानंतर तीन महिने मी रोज सकाळी तिथे जाऊन नुसती बसत होते, आणि कोणीही मला काय झाले म्हणून विचारले नाही, फक्त समोर शिवायला काहीतरी ठेवत. तरीही सांगते.

दहा पंचवीसला नर्सबाई बाटली घेऊन पुन्हा बाकाशी आल्या. सत्तावीस नंबरच्या शेजारी मी उभी होते. ते खात्याचे साहेब आहेत हे मला तोवर कळले होते. त्यांना अकराला कागद वाचून सही करायची आहे हे कळले होते. पहिल्या थेंबांचा अंमल अजून पुरता चढला नव्हता. त्या वेळी मी माझे वाक्य सांगितले असते तर त्यांनी दुसरे थेंब नको म्हटले असते, डोळे धुतले असते, कागद मागवून तेव्हाच वाचला असता. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिले, सांगितले ना, अशा अर्थाने. दर शिबिरात जे वाक्य माझ्या तोंडून आपोआप पडते ते माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले. मी मान हलवली, नर्सबाईंनी ती 'हो' अशी घेतली, आणि त्यांनी ती तशीच घ्यावी म्हणूनच मी हलवली होती. साहेबांनी मान वर केली. थेंब पडले.

म्हणून संगनमत नाही. संगनमताला दोन माणसे लागतात. मी एकटी होते.

पहिले थेंब चुकून पडले, दुसरे माझ्यामुळे पडले. ज्या माणसाने अठरा वर्षे न वाचता सही केली नाही त्याची दृष्टी मी त्याला न विचारता पाच तास काढून घेतली. मला आनंद झाला आहे, आत्ताही होतो आहे, मी तो लपवू शकत नाही. पण हे सांगितल्याशिवाय मला तो आनंद गिळता येत नाही.

हे ऐकल्यावर ठाण्याच्या निरीक्षकसाहेबांनी मला विचारले की, खात्याच्या साहेबांचा जबाब आधीच झाला आहे, तो ऐकायचा आहे का. मी हो म्हटले. त्यांनी त्यातला भाग वाचून दाखवला तो असा: 'थेंब घातल्यावर काही तास वाचता येत नाही हे मला ठाऊक होते. माझ्या आईला मी दर सहा महिन्यांनी डोळे तपासायला नेतो. पहिल्या थेंबांच्या वेळी मला वाटले, एकदाच घालतील, तेवढ्याने अकराला वाचण्यापुरते दिसेल. दुसऱ्या वेळी कंत्राटदार आलेला होता आणि बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना मिळून बावीस माणसे बसली होती. माझ्या फाईलमध्ये वास्तू वापरात नाही असे लिहिलेले होते. मी मान वर केली.'

निरीक्षकसाहेब म्हणाले, "ताई, त्यांना माहीतच होतं. मग तुम्ही सांगितलं काय, न सांगितलं काय. तुमचा शेवटचा भाग काढून टाकू का?"

मला रडू आले. पाणी देण्यात आले. मग मी सांगितले की, काढू नये. त्यांना माहीत होते हे मला माहीत नव्हते. त्यांनी मान वर केली ती त्यांची, मी गप्प राहिले ते माझे. दोन्ही दोन कागदांवर राहू द्यावे, सुनावणीत जे व्हायचे ते होईल.

हा जबाब मला वाचून दाखवतो असे हवालदार म्हणाले. मी त्यांना नको म्हटले. चष्मा लावून, पहिल्या अक्षरापासून, माझा मी वाचला. मी बोलले तेच यात आहे, शेवटच्या भागासकट. मग सही केली.